फ्यूजनच्या ब्लँकेटमधले न्यूट्रॉन कसे मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्यूजनची, म्हणजे हलकी केंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याची, बातमी आली की मथळ्यात प्लाझ्माचे, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूचे, तापमान असते आणि तो किती सेकंद टिकला हे असते. त्यापासून रोज वीज मिळवायची असेल तर मात्र खरी परीक्षा प्लाझ्माच्या बाहेर, साधारण अर्धा ते एक मीटर जाडीच्या थरात होते. तिथे शिरलेला प्रत्येक न्यूट्रॉन कुठे गेला, कोणाला धडकला आणि शेवटी कशात शोषला गेला याचा हिशेब जुळला पाहिजे. हा हिशेब प्रयोगशाळेत कसा तपासतात, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ब्लँकेट म्हणजे काय?

ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड समस्थानिके. त्यांची केंद्रके जुळली की १७.६ एमईव्ही ऊर्जा सुटते (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचे एकक). त्यातली ३.५ एमईव्ही हेलियमच्या केंद्रकाच्या वाट्याला येते आणि १४.१ एमईव्ही न्यूट्रॉनच्या. हेलियमच्या केंद्रकावर विद्युतभार असतो, त्यामुळे ते चुंबकीय क्षेत्रात अडकून प्लाझ्मालाच तापवते. न्यूट्रॉनवर भार नाही. तो सेकंदाला सुमारे ५१ हजार किलोमीटर वेगाने सरळ भिंतीत घुसतो. म्हणजे एकूण ऊर्जेचा ऐंशी टक्के भाग चुंबकांना न जुमानता बाहेर पडतो.

त्याला झेलणारा थर म्हणजे ब्लँकेट. न्यूट्रॉनची ऊर्जा उष्णतेत उतरवणे, लिथियमपासून नवे ट्रिटियम तयार करणे आणि मागच्या अतिसंवाहक चुंबकांना मार बसू न देणे ही त्याची कामे. यातले दुसरे काम सर्वांत अवघड आहे, आणि मोजमापाचा बहुतेक खटाटोप त्याच्यासाठीच चालतो.

ट्रिटियम बाहेरून का आणत नाहीत?

कारण आणायला ते फारसे कुठे नाहीच. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, त्यामुळे निसर्गात ते साठत नाही. व्यापारी साठा मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून येतो आणि तो काही दहा किलोंच्या घरात मोजला जातो. उलट १ गिगावॉट फ्यूजन शक्तीचे केंद्र वर्षभर सलग चालवायला सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागेल. एकच केंद्र जगाचा साठा वर्षभराच्या आत संपवेल.

म्हणून ट्रिटियमचे गणित विरजणासारखे चालवावे लागते. आज वापरले त्यातून उद्यापुरते तयार झालेच पाहिजे, वर थोडे शिल्लक राहिले पाहिजे. प्लाझ्मात जळालेल्या प्रत्येक ट्रिटियम अणूमागे ब्लँकेटमध्ये किती नवे अणू तयार होतात, या गुणोत्तराला ट्रिटियम ब्रीडिंग रेशो म्हणतात. ते नुसते १ असून भागत नाही. नळ्या, पंप, शुद्धीकरण यंत्रणा यांत काही ट्रिटियम अडकते, काहींचा क्षय होतो, शिवाय पुढच्या केंद्राला सुरुवातीचा साठा द्यायचा असतो. आराखड्यांमध्ये साधारण १.०५ ते १.१५ असे लक्ष्य धरतात.

हा पाच-पंधरा टक्क्यांचा फरक नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी धडपड त्याच्या आतली आहे.

एका न्यूट्रॉनपासून एकापेक्षा जास्त ट्रिटियम कसे मिळेल?

लिथियमची दोन समस्थानिके असतात. नैसर्गिक लिथियमात लिथियम-६ सुमारे साडेसात टक्के, बाकी सगळे लिथियम-७. लिथियम-६ मंद न्यूट्रॉन अधाशासारखा गिळतो आणि ट्रिटियम, हेलियम व ४.८ एमईव्ही ऊर्जा देतो. लिथियम-७ ला वेगवान न्यूट्रॉन लागतो, पण त्या अभिक्रियेत ट्रिटियम तयार होऊनही एक न्यूट्रॉन शिल्लक राहतो. तो पुढे लिथियम-६ ला सापडू शकतो.

तरी एवढ्यावर सहसा भागत नाही, कारण काही न्यूट्रॉन पोलाद गिळते आणि काही फटींतून, नळ्यांच्या जागांतून निसटतात. म्हणून ब्लँकेटमध्ये बेरिलियम किंवा शिसे घालतात. वेगवान न्यूट्रॉन त्यांच्या केंद्रकावर आदळला की बदल्यात दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात. शिशाला यासाठी सुमारे ७ एमईव्हीचा न्यूट्रॉन लागतो, बेरिलियमला २ एमईव्हीच्या आतबाहेरचाही चालतो.

संगणकावर सगळे काढता येते. मग मोजायचे कशाला?

मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

संगणकावर न्यूट्रॉनचा प्रवास मॉन्टे कार्लो पद्धतीने काढतात. कोट्यवधी न्यूट्रॉन एकेक करून सोडायचे आणि प्रत्येक धडकेला पुढे काय होईल ते संभाव्यतेनुसार ठरवायचे. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचा एमसीएनपी हा कोड यासाठी जगभर वापरतात. पद्धतीत खोट नाही. पण प्रत्येक धडकेची संभाव्यता, म्हणजे क्रॉस सेक्शन, बाहेरच्या आकडेवारीतून घ्यावी लागते. फ्यूजनसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने फेंडल नावाचा डेटा-संच तयार केला आहे. युरोप, अमेरिका आणि जपानचे स्वतःचे संचही आहेत. तो आकडा चुकला तर संगणक अत्यंत काटेकोरपणे चुकीचे उत्तर देतो.

लिथियम-७ ची गोष्ट याचे सर्वांत दुःखद उदाहरण. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर कॅसल ब्राव्हो ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज सुमारे ६ मेगाटनांचा होता, स्फोट झाला १५ मेगाटनांचा. इंधनातल्या लिथियम-७ चा काही हातभार लागणार नाही असे धरले होते. वेगवान न्यूट्रॉनांनी त्यातूनही ट्रिटियम तयार केले. रोंगेलाप बेटावरच्या रहिवाशांनी आणि एका जपानी मासेमारी बोटीवरच्या खलाशांनी त्याची किंमत मोजली. १९५८ साली लॉस अलामोसमध्ये लिथियम ड्युटराइडचा गोल घेऊन, मध्यभागी १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन सोडून, आत किती ट्रिटियम तयार होते ते प्रत्यक्ष मोजले गेले. आजच्या ब्लँकेट प्रयोगांचा तो पूर्वज म्हणता येईल. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या हारवेलच्या मोजणीत याच लिथियम-७ च्या अभिक्रियेचा क्रॉस सेक्शन प्रचलित आकड्यापेक्षा बराच कमी निघाला आणि डेटा-संच पुन्हा दुरुस्त करावे लागले.

एकेक क्रॉस सेक्शन वेगळा मोजूनही काम संपत नाही. ब्लँकेटमध्ये न्यूट्रॉन दहा-वीस धडका खातो आणि प्रत्येक धडकेतली छोटी चूक पुढच्या धडकेत मिसळत जाते. त्या सगळ्यांची बेरीज बरोबर येते का, हे ब्लँकेटचा तुकडा बांधून, त्यावर १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन सोडूनच कळते.

फ्यूजन केंद्र अजून नाही, तर हे प्रयोग कुठे होतात?

न्यूट्रॉन जनरेटरवर. ड्युटेरियमच्या आयनांना दोन-तीनशे किलोव्होल्टने वेग द्यायचा आणि ट्रिटियम मुरवलेल्या टायटॅनियमच्या थरावर (याला लक्ष्य म्हणतात) आपटायचे. प्लाझ्मात होते तीच अभिक्रिया इथे थंड धातूवर होते आणि न्यूट्रॉनही त्याच ऊर्जेचे मिळतात.

रोमजवळच्या फ्रास्काती इथला जनरेटर १९९२ पासून असे काम करतो. तो सेकंदाला १०० अब्जांपर्यंत न्यूट्रॉन देतो. जपानमधल्या तोकाई इथला एफएनएस नावाचा जनरेटर १९८१ पासून २०१६ पर्यंत चालला. त्याचे फिरते लक्ष्य कितीतरी जास्त न्यूट्रॉन देत असे, आणि जपान-अमेरिकेच्या संयुक्त ब्लँकेट प्रयोगांची मोठी मालिका तिथेच झाली. ओसाका विद्यापीठाचे ऑक्टेव्हियन आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे लोटस हीही या क्षेत्रातली जुनी नावे. अमेरिकेत एमआयटीमध्ये अलीकडे बेबी नावाच्या प्रयोगात शंभर मिलिलिटर वितळलेल्या क्षारापासून सुरुवात करून ट्रिटियमचे उत्पादन मोजले आहे. त्याची मोठी आवृत्ती म्हणजे लिब्रा.

जनरेटरची मर्यादाही सांगितली पाहिजे. भावी केंद्राच्या आतल्या भिंतीवर दर चौरस मीटरला १ मेगावॉट न्यूट्रॉन शक्ती पडत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ४४ लाख कोटी न्यूट्रॉन येतील. फ्रास्कातीत लक्ष्यापासून पाच सेंटिमीटरवर मिळतात सुमारे ३२ कोटी, म्हणजे लाखपटीहून कमी. त्यामुळे पोलाद किती वर्षे टिकेल हे इथे कळत नाही. त्यासाठी स्पेनमध्ये ग्रानादाजवळ इफमिफ-डोनेस हे पदार्थ-चाचणी केंद्र उभे राहत आहे. न्यूट्रॉन कुठे जातात आणि किती ट्रिटियम देतात, हे मात्र जनरेटरवर अगदी नीट कळते.

जनरेटरमधून नेमके किती न्यूट्रॉन निघाले, हे कोण सांगते?

हेलियम सांगतो. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

प्रत्येक अभिक्रियेत एक न्यूट्रॉन आणि एक अल्फा कण, म्हणजे हेलियमचे केंद्रक, एकत्रच जन्मतात. न्यूट्रॉन पकडणे कठीण, अल्फा पकडणे सोपे. म्हणून आयनांच्या शलाकेच्या नळीत, लक्ष्याकडे मागे पाहणारा एक छोटा सिलिकॉन डिटेक्टर ठेवतात. त्याच्यापुढे नेमक्या मापाचे छिद्र असते. छिद्राचे क्षेत्रफळ आणि लक्ष्यापासूनचे अंतर माहीत असले की एकूण अल्फांपैकी कितवा हिस्सा डिटेक्टरवर पडतो ते भूमितीने निघते. मोजलेल्या अल्फांना त्या हिश्शाने भागले की न्यूट्रॉनांची एकूण संख्या हाती येते.

प्रत्यक्षात दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. येणारा ड्युटेरियम आयन वेगात असल्याने अल्फा सगळ्या दिशांना सारखे उडत नाहीत. ती दुरुस्ती करावी लागते. वापरता वापरता लक्ष्यात ड्युटेरियम साठत जातो आणि ड्युटेरियम-ड्युटेरियम अभिक्रिया सुरू होतात. त्यांतून सुमारे ३ एमईव्हीचे प्रोटॉन निघतात आणि डिटेक्टरच्या आलेखात अल्फाच्या शिखराला खेटून बसतात. त्यांना वेगळे काढले नाही तर न्यूट्रॉनांची संख्या फुगते. म्हणून लक्ष्यालगत नायोबियमची चकती ठेवून स्वतंत्र पडताळा घेतात. सगळे नीट जमले तर स्रोताची संख्या सुमारे ३ टक्क्यांच्या अनिश्चिततेने कळते. पुढचे प्रत्येक उत्तर याच संख्येने भागायचे असल्यामुळे हे ३ टक्के शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत.

ठोकळ्याच्या आत न्यूट्रॉन कसे मोजतात?

मुख्यतः धातूच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे सक्रियण फॉइलनी. ठोकळ्यात, म्हणजे ब्लँकेटच्या बांधलेल्या तुकड्यात, आधीच केलेल्या खाचांत वेगवेगळ्या खोलीवर चकत्या ठेवतात, काही तास न्यूट्रॉन सोडतात, मग चकत्या काढून द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवतात. न्यूट्रॉन लागून चकतीतले काही अणू किरणोत्सारी झालेले असतात. त्यांच्या गॅमा किरणांची संख्या मोजली की तिथे किती न्यूट्रॉन आले होते ते उलटे काढता येते.

खरी मेख धातूच्या निवडीत आहे. प्रत्येक धातू ठराविक ऊर्जेच्या न्यूट्रॉनांनाच दाद देतो. नायोबियमला सुमारे ९ एमईव्हीच्या वरचा न्यूट्रॉन लागतो. त्यातून तयार होणारे समस्थानिक दहा दिवसांच्या अर्धायुष्याने विरते आणि ९३४ केईव्हीचा (एक केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) गॅमा सोडते. म्हणजे नायोबियमची चकती फक्त धडक न खाल्लेले किंवा जेमतेम एखादी खाल्लेले न्यूट्रॉन दाखवते. ॲल्युमिनियमपासून सोडियम-२४ होतो, तो साधारण ६ एमईव्हीच्या वरच्या न्यूट्रॉनांमुळे. त्याचे अर्धायुष्य १५ तास, त्यामुळे ती चकती त्याच दिवशी मोजायला लागते. निकेल आणखी खालच्या ऊर्जेचे सांगते. इंडियम अर्ध्या एमईव्हीच्या आसपासपर्यंत उतरते, पण त्याचे अर्धायुष्य साडेचार तासच. आणि सोने मंदावलेल्या न्यूट्रॉनांसाठी: ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टला ते न्यूट्रॉन विलक्षण आवडीने गिळते आणि ४१२ केईव्हीचा गॅमा देते.

पाच-सहा धातू एकाच जागी ठेवले की त्या बिंदूवरच्या न्यूट्रॉनांचा ऊर्जेनुसार ढोबळ आराखडा मिळतो. खोल जाताना नायोबियमचा आकडा झपाट्याने पडतो, सोन्याचा आधी चढतो. बेरिलियममध्ये न्यूट्रॉन कसे वाढतात आणि मंदावतात ते या दोन रेषांत स्पष्ट दिसते.

झिर्कोनियम आणि नायोबियम यांची जोडी तर आणखी एक काम करते. झिर्कोनियमचा उंबरठा १२ एमईव्हीच्याही वर आहे, त्यामुळे १४ एमईव्हीच्या आसपास ऊर्जा किंचित बदलली तरी त्याचा प्रतिसाद बराच बदलतो, नायोबियमचा फारसा नाही. दोघांच्या गुणोत्तरावरून न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा काढता येते. जनरेटरमधून पुढच्या दिशेला जवळजवळ १४.८ एमईव्हीचे, तर मागच्या दिशेला १३.४ च्या आसपासचे न्यूट्रॉन निघतात, म्हणून हे तपासणे गरजेचे असते.

आणि ट्रिटियम?

ट्रिटियम गॅमा किरण देत नाही. त्यातून फक्त दुबळा बीटा कण निघतो, जास्तीत जास्त १८.६ केईव्हीचा, तो कागदही ओलांडत नाही. त्यामुळे ट्रिटियम बाहेरून मोजता येत नाही, ते वेगळे काढूनच मोजावे लागते.

ठोकळ्यातल्या लिथियमच्या थरात लिथियम कार्बोनेटच्या दाबून बनवलेल्या छोट्या गोळ्या ठेवतात. न्यूट्रॉनांचा मारा संपल्यावर त्या बाहेर काढून, वजन करून, आम्लात विरघळवतात. द्रावण नीट उदासीन करून द्रव सिंटिलेटरमध्ये मिसळतात. बीटा कणामुळे त्या मिश्रणात प्रकाशाचे क्षीण ठिपके उमटतात आणि दोन प्रकाशगुणक नळ्या एकाच वेळी दिसलेले ठिपके तेवढे मोजतात.

इथे एक आकडा सांगतो. ट्रिटियमची १ बेक्वेरेल सक्रियता, म्हणजे सेकंदाला एक क्षय, मिळायला सुमारे ५६ कोटी अणू लागतात. जनरेटरवर दिवसचे दिवस मारा करूनही एका गोळीत मोजके बेक्वेरेल जमतात, आणि नमुना न घातलेल्या कुपीतही यंत्र थोडेफार ठिपके दाखवतेच. म्हणून एकेक कुपी तासन्‌तास मोजतात. विरघळवताना आम्ल-क्षार-सिंटिलेटर यांचे प्रमाण जरा बदलले तरी प्रकाश कमी होतो, म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर ज्ञात ट्रिटियमचा नमुनाही मोजावा लागतो. एकाच प्रयोगाच्या गोळ्या वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहण्याची पद्धत आहे, आणि ती फार योग्य आहे.

लगेच आकडा देणारे डिटेक्टर नाहीत का?

आहेत. द्रव सेंद्रिय सिंटिलेटर न्यूट्रॉन आणि गॅमा यांचे स्पंद आकारावरून वेगळे ओळखतो. लिथियमच्या काचेचे डिटेक्टर, युरेनियमचे फिशन चेंबर हेही जुने सोबती. सध्या हिऱ्यावर बरीच भिस्त आहे: प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या पापुद्र्यात १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन कार्बनवर आदळला की सुमारे ८.४ एमईव्हीला स्वच्छ शिखर मिळते. हिरा उष्णता आणि मारा दोन्ही सोसतो, म्हणून खऱ्या ब्लँकेटमध्ये ठेवायला तो योग्य. पण अचूक निरपेक्ष आकडा हवा असेल तेव्हा आजही फॉइल आणि गोळी यांवरच विश्वास टाकतात.

चूक कुठून शिरते?

भिंतींतून. खोलीच्या काँक्रीटवर आपटून परतलेले मंद न्यूट्रॉन ठोकळ्यात शिरतात आणि लिथियम-६ त्यांना लगेच गिळतो. म्हणून फ्रास्कातीत लक्ष्य भिंती, जमीन आणि छतापासून चार मीटरहून लांब आहे.

चकतीतून किंवा गोळीतूनही. लिथियम-६ मंद न्यूट्रॉनांना इतका अडवतो की गोळीचा बाहेरचा भाग आतल्या भागावर सावली धरतो. बेरिलियममधल्या भेसळीतून. एखादा मिलिमीटर सरकलेल्या चकतीतून, कारण लक्ष्याजवळ न्यूट्रॉनांची संख्या अंतराप्रमाणे फार वेगाने बदलते. यांपैकी कोणतीही चूक एकटी मोठी नसते. सगळ्या मिळून पाचेक टक्के झाल्या तरी ब्रीडिंग रेशोची सगळी शिल्लक खाऊ शकतात.

मग आतापर्यंत गणित आणि मोजमाप जुळले का?

बऱ्याच अंशी, हो. गणिताने दिलेला आकडा भागिले मोजलेला आकडा, असे गुणोत्तर काढतात. ते १ आले तर उत्तम. फ्रास्कातीत बेरिलियमच्या ठोकळ्यात लिथियम कार्बोनेटचे थर बसवून युरोपच्या हेलियमने थंड होणाऱ्या ब्लँकेटची प्रतिकृती तपासली, तेव्हा गणिताने ट्रिटियम किंचित कमी दाखवले. तफावत ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आतली होती. डिझाइन करणाऱ्यांसाठी ही दिलासा देणारी दिशा, कारण प्रत्यक्षात थोडे जास्तच मिळते. पुढे शिसे-लिथियमच्या विटांची प्रतिकृतीही तिथेच तपासली गेली.

तरी निश्चिंत होऊ नये असे माझे मत आहे. प्रतिकृती हातभर लांबीची असते, एकाच बाजूने न्यूट्रॉन येतात, थंड करणाऱ्या नळ्या आणि मोकळ्या जागा त्यात खऱ्यासारख्या नसतात. पूर्ण गोल यंत्राचा ब्रीडिंग रेशो आजवर कोणी मोजलेला नाही.

खऱ्या टोकामॅकमध्ये, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, असे मोजमाप झाले आहे का?

इंग्लंडमधल्या कुलहॅमच्या जेट यंत्रात ड्युटेरियम-ट्रिटियम वापरून २०२१ मध्ये ५९ मेगाजूल आणि २०२३ मध्ये ६९ मेगाजूल ऊर्जा मिळाली. हे आकडे न्यूट्रॉन मोजूनच काढलेले आहेत. त्यासाठी आधी, २०१७ मध्ये, दूरनियंत्रित यांत्रिक हाताने एक छोटा १४ एमईव्ही जनरेटर यंत्राच्या पोटात जागोजागी फिरवून बाहेरच्या डिटेक्टरांचे अंशांकन (कॅलिब्रेशन) केले होते. फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये ब्लँकेटचे चाचणी-विभाग बसवायचे ठरले आहे. पण तिथले ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ पासून धरले आहेत, तोवर जनरेटरच आधार.

भारतात या विषयावर काय चालते?

१९५५ साली जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत फ्यूजन ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही, पण विषय इथे रुजला. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने शिसे-लिथियम आणि लिथियम टायटॅनेटचे खडे एकत्र वापरणारी ब्लँकेटची संकल्पना पुढे नेली आहे. तिथे १४ एमईव्हीचा त्वरक-आधारित न्यूट्रॉन स्रोतही उभारला आहे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पूर्णिमा सुविधेत न्यूट्रॉन जनरेटर वापरात आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या १४ एमईव्ही जनरेटरवर अनेक मूलद्रव्यांचे क्रॉस सेक्शन मोजले गेले, आणि ते जागतिक वाङ्मयात नोंदले गेले आहेत. छोट्या यंत्रावर मन लावून केलेल्या अशा मोजणीची किंमत मोठ्या प्रकल्पांइतकीच आहे.

हे काम धोक्याचे आहे का?

जनरेटर बंद केला की न्यूट्रॉन त्या क्षणी थांबतात. चालू असताना खोलीत कोणी नसते. काळजी घ्यावी लागते ती ट्रिटियम मुरवलेल्या लक्ष्याची आणि बेरिलियमच्या धुळीची. ती धूळ फुप्फुसांना घातक आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुठून सुरुवात करावी?

ओपनएमसी हा मॉन्टे कार्लो कोड मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. लिथियमचा एक गोल घ्या, मध्यभागी १४.१ एमईव्हीचा स्रोत ठेवा आणि त्रिज्या वाढवत ब्रीडिंग रेशो काढा. मग लिथियम-६ चे प्रमाण बदला, बाहेर पोलादाचा थर द्या, आत बेरिलियम घाला. त्यानंतर सिनबाद या आंतरराष्ट्रीय संग्रहात नोंदलेला फ्रास्कातीचा किंवा तोकाईचा एखादा खरा प्रयोग निवडा आणि आपला आकडा मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहा. पहिल्या प्रयत्नात दहा-वीस टक्क्यांची तफावत आली तर आधी भूमिती तपासा, मग पदार्थांची घनता. डेटा-संचाकडे सर्वांत शेवटी वळा.